बिरवाडीच्या नाक्यावरचा दाखला

तरुणपणी मी देवी काढत असे. आजच्या मुलांना हे सांगितले की त्यांना वाटते, म्हातारा चित्रकार होता. मग समजावून सांगावे लागते. दंडावर सुईने चार ओरखडे काढायचे, त्यात लस चोळायची आणि आठव्या दिवशी परत जाऊन फोड नीट धरला की नाही ते पाहायचे. ओरखड्याच्या फोडावर भागले म्हणजे खरी देवी, अंगभर फुलणारी, माणसाच्या वाटेला जात नाही. या कामासाठी सरकारने मला महाड तालुका आणि पोलादपूरचा भाग नेमून दिला होता. दिवाळी सरली की पत्र्याची पेटी घेऊन निघायचे ते शिमग्यापर्यंत वाड्या-वाड्या चढत-उतरत राहायचे.

मी येतो आहे असे कळले की गाव रिकामे होई. बायका पोरांना घेऊन रानात जात, नाहीतर भाताच्या कणगीत लपवत. एकदा तर एक म्हातारी अंगणात डालग्यावर बसून होती. मी विचारले, आजी, डालग्यावर का बसलीस? कोंबडी अंडी उबवते आहे म्हणाली. तेवढ्यात कोंबडी खोकली. मी हसलो नाही. तेव्हा मला हसू येत नसे, राग येई. तोंडावर लोक मला डॉक्टर म्हणत आणि पाठ फिरली की टोच्या म्हणत. मराठी सातवी झालेला, महाडात वाढलेला मी, या लोकांचे भले करायला डोंगर चढतो आणि हे मला वाघ आल्यासारखे चुकवतात, हे मला सहन होत नसे. माझी जीभ फार तिखट होती. घरचे लोक म्हणतील, अजून आहे.

देवी आल्या की त्या घरात काय चालते ते मी रोज पाहत होतो. चुलीवर फोडणी पडत नसे, पुरुष दाढी करत नसत, दाराला कडुनिंब लागे. आजाऱ्याजवळ बसायला बोलावत ती बाई मुद्दाम निवडलेली असे. जिच्या अंगात आई, म्हणजे देवी, पूर्वी येऊन गेली, जिच्या तोंडावर वण आहेत, तीच आजाऱ्याला शिवणार. ती तोंडात पाणी घाली, अंगावरून पाला फिरवी आणि मुख्य म्हणजे डोळे चिकटू देत नसे. ओल्या फडक्याने ते पुन्हा पुन्हा पुशी. आई एका अंगात दुसऱ्यांदा येत नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. माझी लस तरी दुसरे काय सांगत होती? पण मी हे कधी त्यांच्या भाषेत बोललो नाही. मी त्यांना रोगजंतू शिकवत होतो.

मी सांगतो आहे त्या वर्षी दिवाळीनंतर बिरवाडीत देवी आल्या. आधी एक घर, मग आळी, मग दुसरी आळी. वरून हुकूम आला की टोचल्याचा दाखला असल्याशिवाय कोणी बिरवाडीत शिरायचे नाही आणि बिरवाडीतून बाहेर पडायचे नाही. महाडच्या बाजाराला आणि दासगावच्या बंदरावर मुंबईच्या होडीत चढायलाही तोच दाखला. नदी पायी ओलांडायच्या उतारावर नाका बसला, एक पोलीस शिपाई बसला आणि माझ्या हातात निळ्या कागदांचे एक पुस्तक आले. नाव, वय, गाव, टोचल्याची तारीख, माझी सही. एवढ्या कागदावर माणूस जाणार की राहणार हे ठरत होते.

महाडच्या वाचनालयात त्या वर्षी दोनच वाद होते. एक तळ्याचा, जो कोर्टात वर्षानुवर्षे चालूच होता, आणि दुसरा टोचण्याचा. आमचे एक वकील होते, खादी घालणारे, आवाजाचे मोठे खणखणीत. ते म्हणत की स्वराज्य मागणाऱ्या माणसाने आपला दंड सरकारपुढे करणे हीच गुलामी. वासराच्या अंगातला पू माणसाच्या अंगात घालायचा हा कुठला धर्म? आणि टोचले नाही म्हणून रस्ता बंद, बाजार बंद, हे तर सरळ कैद करणे झाले. त्यांच्यासमोर एक पेन्शनर मास्तर बसत. ते म्हणत, तुमचा दंड तुमचा खरा, पण तुमची देवी तुमच्या एकट्याची राहत नाही, ती शेजाऱ्याच्या घरी जाते. सावित्रीला पूर आला म्हणजे बांध घालताना एकेकाची मर्जी विचारत बसतो काय आपण? टाळ्या दोघांनाही पडत. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून ऐकत असे आणि मनात म्हणे, चालू द्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जाते. त्या वकिलांच्या तिन्ही मुलांना मीच त्यांच्या माजघरात, पुढचे दार लावून, टोचले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुलांना टोचल्याचे बाहेर बोलू नका, एवढे त्यांनी मला सांगितले होते आणि मी बोललो नव्हतो.

आज वाटते, दोघांचेही बरोबर होते. तेव्हा मला फक्त माझे बरोबर वाटत होते.

निळे पुस्तक हाती आल्यावर माझा रुबाब वाढला हे कबूल केले पाहिजे. काल ज्या ओटीवर मला उभे राहावे लागे तिथे आज घोंगडी अंथरली जाऊ लागली. मुंबईला गिरणीत परत जायची घाई असलेले चाकरमानी माझ्या मागे मागे फिरत, डाक्टरसाब, वाईच लवकर उरका म्हणत. शर्टाची बाही वर करून रांगेत बसत. मला वाटले, अरे, इतकी वर्षे मी उगाच घसा फोडला. सांगून जे झाले नाही ते अडवून झाले. त्या दोन आठवड्यांत मी जेवढे दंड टोचले तेवढे मागच्या अख्ख्या हिवाळ्यात टोचले नव्हते.

फक्त एक वाडी माझ्या पुस्तकाला बधली नाही. शिवथरच्या वर, डोंगराच्या कुशीत वीस-बावीस घरांची वाडी. तिथला गावकार, म्हणजे गावकीत ज्याचा शब्द शेवटचा, तो चांगला जमीनजुमल्याचा, शांत, कमी बोलणारा कुणबी होता. त्याने एकदा नाही म्हटले की वाडी नाही म्हणे. आणि तो नाही का म्हणतो हे मला पुरते ठाऊक होते.

चार वर्षांपूर्वी मी त्याच्या दीड वर्षाच्या मुलाला टोचले होते. मुलाची आई पोराला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, दोन दिवस याला हगवण लागलीय, अंग तापलंय, आज नको, पुढल्या खेपेला टोचा. आजाऱ्याला टोचू नये असा नियमच आहे. मी तो नियम पाठ म्हणून दाखवला असता. पण पुढली खेप म्हणजे पुन्हा तो डोंगर. आणि दुसऱ्या दिवशी महाडात माझा साखरपुडा होता. सगळी वाडी एका दिवसात उरकून मला संध्याकाळपर्यंत घरी पोचायचे होते. मी तिला म्हणालो, काही होत नाही, पोरं अशीच किरकिरी असतात. दंड धरला आणि टोचले.

आठव्या दिवशी फोड पाहायला गेलो, तेव्हा ती बाई उंबऱ्यातच बसली होती. उठली नाही. पाहायला काय राहिलं नाय, एवढेच म्हणाली. मूल सहाव्या दिवशी गेले होते.

लसीने गेले की हगवणीने, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळलेले नाही. बहुधा हगवणीनेच असेल. मी वर लिहून कळवले की मृत्यूचा टोचण्याशी संबंध नाही. वाडीलाही तेच सांगितले. मुलगा आधीच आजारी होता आणि आईने मला तसे सांगितले होते, हे मात्र ना वर लिहिले, ना खाली सांगितले. कारण ते सांगितले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की मग टोचलेस का? त्यानंतर चार वर्षे त्या वाडीतल्या एकाही दंडावर माझी सुई गेली नाही.

नाका बसल्यानंतरच्या बाजारच्या दिवशी मी उतारावर पोलीस शिपायाशेजारी बसून दाखले तपासत होतो. तर तीच बाई, गावकाराची बायको, डोक्यावर गाठोडे घेऊन आली. दोन कोसांवरून चालत आली होती. तिची थोरली लेक बिरवाडीत दिलेली होती आणि तिच्या अंगात देवी आल्याचा निरोप वाडीवर पोचला होता. सासरी देवी येऊन गेलेली बाई कोणी नव्हती. आईला बोलवा, एवढेच लेक म्हणत होती.

शिपायाने तिला अडवले. ती माझ्याकडे वळली. तिचे तोंड देवीच्या वणांनी भरलेले होते. कपाळ, गाल, हनुवटी, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्या नाक्यावरून त्या दिवशी गेलेल्या सगळ्या माणसांत, दाखलेवाल्यांसकट, देवीची भीती जिला सगळ्यांत कमी होती ती हीच.

"माझ्या तोंडाकडं बघा, भाऊ," ती म्हणाली. "मला आता काय व्हायचं हाय?"

मला हे कळत होते. पण मला त्या क्षणी तिचे तोंड दिसत नव्हते, तिची वाडी दिसत होती. चार वर्षे बंद असलेले दार आता माझ्यासमोर हात जोडून उभे होते. मी म्हणालो, तोंड चालत नाही, दाखला लागतो. ती लगेच बाही सरकवून दंड पुढे करू लागली. मग मी म्हणालो की तुझ्या एकटीचा नाही. घरात चार वर्षांची मुलगी आहे ना? तिला घेऊन ये. गावकाराच्या घरचे टोचून घेतील तेव्हाच गावकाराच्या घरचा दाखला मिळेल.

हुकमात अशी अट कुठेही नव्हती. ती मी तिथल्या तिथे, नदीच्या दगडावर बसून, स्वतः घातली.

तिने पलीकडच्या काठाकडे, बिरवाडीच्या घरांकडे पाहिले. मग गाठोडे उचलून आल्या वाटेने परत गेली. शिपाई मला म्हणाला, साहेब, हिला जाऊ द्यायला हरकत नव्हती. मी त्याला तू तुझे काम कर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वाडीवरून निरोप आला, की डॉक्टरांनी वर यावे आणि जे काय बोलायचे ते गावकीपुढे बोलावे. मला आनंद झाला. पण मी लगेच गेलो नाही. दोन दिवस थांबू दे, आणखी मऊ होतील, असा हिशेब केला आणि तोवर दुसरी गावे उरकली. नाक्यावरच्या दिवसापासून पाचव्या दिवशी सकाळी मी वाडी चढलो.

देवळापुढच्या अंगणात गावकी बसली होती. पुरुष पुढे, बायका पागोळीखाली उभ्या. पोरे कुठे दिसत नव्हती. मी माझे नेहमीचे भाषण केले. बिरवाडीत काय चालले आहे ते सांगितले, आणि ते खरेच भयंकर होते. ते वर यायला चार दिवस पुरे आहेत म्हणालो. टोचण्याने कोणी मरत नाही म्हणालो. हे वाक्य मी शंभरदा म्हटले असेन.

गावकार शांतपणे ऐकत होता. मग बोलला तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही. "शेतसारा मागतां, देतो. रान बंद केलंत, आमी गुरं आवरली. सरकारचं आमी कधी मोडलं नाय. पोराचा दंड तेवढा आमचा राहू दे, एवढंच म्हननं हाय. आनि तुमी माझ्या बायकोला लेकीच्या दारातनं परत धाडलीत."

मी म्हणालो, तो माझा हुकूम नाही, सरकारचा आहे. हे खोटे होते आणि ते बोलताना मी पागोळीखाली बघणे टाळले.

गावकार उठला. देवळात गेला आणि बेलाची पाने आणि भंडारा घेऊन आला. ते त्याने माझ्यापुढे एका ताटलीत ठेवले. आमच्याकडे बेलभंडारा उचलून जो बोलेल तो खोटे बोलत नाही, आणि बोलला तर त्याचे बघायला देव समर्थ असतो, त्यावर माणसांनी मग वाद घालायचा नसतो. कोर्टात जे वर्षभर चालते ते त्या ताटलीत एका क्षणात मिटते.

"माझं पोर तुमी नीट बघून टोचलंत, तुमचा कायबी दोष नाय, असं उचलून सांगा," तो म्हणाला. "मी सगळी पोरं तुमच्या म्होरं आनून बसवतो. माझी पोरगी पैली."

माझा बेलभंडाऱ्यावर विश्वास नव्हता. हात पुढे केला असता, चार शब्द बोललो असतो, तर दुपारपर्यंत वाडीतले प्रत्येक मूल सुरक्षित झाले असते. माझ्या पेटीत लस होती, खालून देवी वर येत होती. चांगल्या कामासाठी एक खोटे बोलायचे होते आणि त्याची मला सवयही होती. मी आजही कधी कधी स्वतःला विचारतो, की तेव्हा उचलायला हवे होते का? एखादे मूल त्यानंतरच्या महिनाभरात दगावले असते तर माझ्या खरेपणाचे काय लोणचे घालायचे होते?

पण माझा हात उठला नाही. देवाची भीती नव्हती. ती बाई पागोळीखाली उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि त्या अंगणात खरे काय ते आम्हा दोघांनाच माहीत होते.

मी म्हणालो, "पोर लसीनं गेलं की हगवणीनं, मला माहीत नाही. पण ते आजारी होतं. त्याच्या आईनं मला सांगितलं होतं, आज नको. मी ऐकलं नाही. आजाऱ्याला टोचायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मला परत डोंगर चढायचा कंटाळा आला होता."

साखरपुड्याचे मी तिथेही बोललो नाही. बायकोलाही कधी सांगितले नाही. ती आता नाही, म्हणून आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मला वाटले होते, आता कोणीतरी अंगावर येईल. पण बोलली ती गावकाराची बायको, आणि माझ्याशी नाही, नवऱ्याशी.

"चार वरसं मी हेच सांगतेय," ती म्हणाली.

तेव्हा मला कळले की चार वर्षे त्या घरात काय चालले होते. आजारी पोर तू टोच्याच्या हातात दिलेसच का, असे तो तिला विचारत होता आणि मी नको म्हणाले होते, हे तिचे सांगणे तो खरे धरत नव्हता. सरकारचा शिकलेला माणूस, सांगूनसुद्धा आजारी पोराला कसा टोचेल? एवढा त्याचा माझ्यावर विश्वास होता. माझ्या मौनाचे ओझे ती बाई वाहत होती. आणि तिलाच मी नाक्यावरून परत धाडले होते. मला लाज वाटली. मी पेटीवर बसलो.

गावकाराने ताटली उचलून देवळात नेली. गावकी उठली. एकही पोर आले नाही आणि मी बोलावलेही नाही. निळे पुस्तक काढून मी तिच्या नावाचा दाखला लिहिला. टोचल्याची तारीख या रकान्यात लिहिले, लहानपणी देवी येऊन गेलेली, वण स्पष्ट. खाली सही केली. ती कागद घेऊन तशीच निघाली. गाठोडे त्या दिवसापासून बांधलेलेच असावे.

ती एकवीस दिवस बिरवाडीत राहिली. लेक वाचली. पण आई पोचली तेव्हा लेकीचे डोळे चिकटून गेले होते. सासरच्यांनी देवीच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून ते पुसले नव्हते. आईने ते सोडवले, एक वाचला. डाव्या डोळ्यात फूल पडले ते कायमचे. पाच दिवस आधी ती पोचली असती तर काय झाले असते, हे मला कोणी विचारले नाही.

मी वर लिहून कळवले की ज्यांच्या अंगावर देवीचे वण आहेत त्यांना न टोचता दाखला मिळावा. उत्तर आले नाही. उत्तर आले नाही म्हणजे मनाई नाही, असे धरून मी तसे दाखले देत राहिलो. आमच्या खात्याच्या इन्स्पेक्टरांनी एकदा झाडले, ते ऐकून घेतले. त्याच सुमारास वाचनालयात वकिलांनी मला गाठून विचारले, काय हो, डोंगरातले लोक पण आपल्याच मताचे निघाले ना? मी म्हणालो, ते तुमच्या मताचे नाहीत. ते जे बोलतात ते दार उघडे ठेवून बोलतात. वकील त्यानंतर माझ्याशी बोलेनासे झाले आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

बायको बिरवाडीहून परत आल्यानंतर आठेक दिवसांनी गावकाराचा निरोप आला. गावकीचा नाही, त्याचा एकट्याचा. वर या.

गेलो. अंगणात तो मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. चार वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, मला बघून बापाच्या बंडीत तोंड खुपसणारी. त्याने मला पेटी उघडू दिली नाही. आधी हात लावून बघा, म्हणाला. मी तिच्या कपाळाला हात लावला, जीभ पाहिली, पाठीला कान लावला. अंग किंचित कोमट होते आणि छातीत थोडी घरघर होती. दुसऱ्या कोणत्याही गावात मी तेवढ्यावर टोचले असते आणि काही झालेही नसते. मी म्हणालो, आज नाही. पेटी उचलून डोंगर उतरलो. उतरताना कुडांच्या आडून मला बघणारी माणसे दिसत होती.

चौथ्या दिवशी पुन्हा चढलो. अंग निवले होते, पण खोकला होता. आज नाही. गावकाराच्या बायकोने तांब्या-भांडे आणून ठेवले. चार वर्षांत त्या घराचे पाणी मी प्यालो नव्हतो. पुन्हा उतरलो. तोवर देवी शिवथरच्या खालच्या वाडीला येऊन पोचल्या होत्या. मी दिवस मोजत होतो. पण घाई कोणी केली नाही, त्यांनीही नाही आणि मीही नाही.

तिसऱ्या खेपेला मुलगी अंगणात खेळत होती. मी तिला नीट तपासले. कपाळ थंड होते, श्वास मोकळा होता. मी गावकाराकडे पाहून मान हलवली. त्याने तिला मांडीवर घेतले आणि तिचा दंड स्वतःच्या हाताने माझ्यापुढे धरला. मी चारऐवजी दोनच ओरखडे काढले. ती रडली, आईने गूळ दिला, गप्प झाली. मी दिव्यावर सुई धरून वर पाहिले, तर अंगणाच्या कडेला बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या. कोणी बोलावले नव्हते. जी ती आधी आपल्या पोराचे कपाळ माझ्या हाताखाली देत होती. तीन पोरांना मी परत पाठवले. त्यांच्या आयांनी, पुढल्या खेपेला कधी, एवढेच विचारले. त्या वाडीत देवी आल्या नाहीत.

सगळे आटोपल्यावर मी सवयीने निळे पुस्तक काढले आणि मुलीच्या नावाचा दाखला फाडून गावकारापुढे धरला. त्याने तो घेतला नाही.

"कागदासाठी नाय टोचली," तो म्हणाला. आणि मग, मुलीच्या दंडावरची माशी हाकलत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आनि हिला टोचलंत म्हनून माझ्या पोराचं फिटलं, असं धरू नका."

मी म्हणालो, नाही धरणार.

माझी सत्तरी उलटली. अजून धरलेले नाही.